आखाजीपासून आखाजीपर्यंत : खानदेशातील बेभरवशाच्या कामाचा इतिहास

वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची चाल आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली ती सुरू केली, आणि हळूहळू तिचे लोण लहान लहान गावांपर्यंत पोहोचले. उन्हाळ्यात शेतीची कामे आटोपलेली असतात, शाळा-कचेऱ्यांना सुट्या असतात, संध्याकाळी वारा सुटतो, आणि माणसाला दोन घटका बसून ऐकण्याची सवड असते. पण खानदेशात या दिवसांना आणखी एक अर्थ आहे. अक्षय तृतीयेला आपण आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांची घागर भरली जाते, आमरसाचे जेवण होते. आणि याच दिवसांत गावोगाव आणखी एक गोष्ट घडत आली आहे. सालदाराचे वर्ष संपते आणि नवे ठरते. कोण कोणाकडे राहिला, किती पैशांवर राहिला, मागचे किती अंगावर निघाले, याचा निकाल आखाजीला लागतो.

सणाच्या दिवशी ज्याच्या घरी वर्षभराच्या भाकरीचा सौदा ठरतो, त्याच्या सणाचा रंग आपल्या सणापेक्षा निराळा असणार हे उघड आहे. आज आम्ही जे सांगणार आहोत ते या माणसाविषयी. त्याचे काम कशामुळे इतके बेभरवशाचे झाले, आणि त्याचा दोष आपण कोणाच्या माथी मारीत आलो, हा आजचा विषय आहे.

हा विषय आम्ही पहूर येथे मांडीत आहोत, हेही योग्यच होय. पहूर हे वाघूरकाठचे गाव. कसबे आणि पेठ अशी त्याची दोन अंगे. येथून एक रस्ता अजिंठ्याच्या घाटाकडे जातो, एक जळगावकडे, एक जामनेरकडे, एक पाचोऱ्याकडे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरे-जामनेर ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, आणि सुमारे शंभर वर्षे आपल्या ‘पीजे’ने या भागातला कापूस आणि माणसे वाहिली. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. अशा नाक्यावरच्या गावाला येणाऱ्याजाणाऱ्या माणसांची सवय असते. कोण येथला आणि कोण बाहेरचा, हा प्रश्न असल्या गावात रोजच डोळ्यांसमोर असतो.

या प्रश्नाबाबत दोन तक्रारी आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. शेतमालक म्हणतो, “गावातला माणूस आता कामाला मिळत नाही, मिळाला तर दहा वाजता येतो आणि दोन वाजता जातो. म्हणून सातपुड्याकडची टोळी आणावी लागते.” गावातला मजूर म्हणतो, “बाहेरची टोळी आली म्हणून आमचे काम गेले आणि मजुरीचा भावही पडला.” दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. परंतु दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, येथला माणूस आणि बाहेरचा माणूस ही दोन वेगळ्या जातीची, वेगळ्या स्वभावाची माणसे आहेत. खानदेशचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हे गृहीतच टिकत नाही. ते का टिकत नाही, हे आता पाहू.

प्रारंभ १८१८ पासून करू. त्या वर्षी खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा प्रांताची स्थिती दयनीय होती. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांची धामधूम, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ, नंतर पेंढाऱ्यांचा उपद्रव आणि डोंगरातील भिल्लांचे बंड. गावेच्या गावे ओस पडली होती आणि काळ्या जमिनीवर झाडी माजली होती. अशा वेळी नव्या सरकारला पाहिजे होती माणसे. जमिनी सवलतीने दिल्या गेल्या, तगाई दिली गेली, आणि शेजारच्या मुलखांतून कसणारी कुटुंबे येत राहिली. आज जी घराणी आपण पिढीजात गावची म्हणतो, त्यांपैकी कित्येकांच्या आठवणींत अमुक मुलखातून आलो अशी कथा असते. तेव्हा बाहेरून येणे हा खानदेशात गुन्हा नव्हता. या प्रांताची काळी जमीन पुन्हा लागवडीस आली ती बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या हातांनी.

याच काळाची दुसरी बाजू मात्र विसरता येणार नाही. जे खरोखर सर्वांत आधीचे, त्या भिल्लांचे काय झाले? १८२५ साली औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, बंडे शमली, पण जमीन मोजणीत आणि सावकारीच्या व्यवहारात त्यांच्या हातून जमिनी निसटत गेल्या. १८७८ च्या जंगल कायद्याने रानावरचा पूर्वापार हक्कही आकुंचित झाला. ज्याचे रान होते तोच रानाच्या पायथ्याशी दुसऱ्याच्या शेतात सालदार झाला. म्हणजे आमच्या प्रांतात कामाच्या अस्थिरतेचा पहिला मोठा घाव बसला तो सर्वांत जुन्या रहिवाशावर. जुनेपणाने त्याचे रक्षण केले नाही. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१८६० नंतरच्या काही वर्षांत आगगाडी खानदेशात आली. भुसावळहून नागपूरकडचा फाटा १८६७ साली खुला झाला. त्याच वेळी अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला, आणि खानदेशात कापसाचे सोने झाले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण कापूस गेला नाही. शेतकऱ्याचे नशीब आता दूर देशातल्या बाजारभावाशी बांधले गेले, आणि शेतकऱ्याच्या पाठोपाठ मजुराचेही.

पूर्वी सरकी काढण्याचे काम घरोघर रेच्यावर होई. ते बायकांचे काम होते. मिळकत थोडी, पण घराच्या ओसरीवर बसून, आपल्या सवडीने करण्याजोगे. वाफेवर चालणारी जिने आली आणि रेचा थांबला. ज्या हातांनी रेचा फिरवला, तेच हात आता जिनाच्या दारात उभे राहिले. जिनाचे काम हंगामाचे. कापूस आला की दार उघडते आणि कापूस संपला की बंद होते. हंगामात मात्र यंत्राला विसावा नको असतो, कारण जिन जितके जास्त तास चालेल तितका मालकाचा फायदा.

या जिनांत काय चाले, याची साक्ष सरकारी दप्तरात आहे. कारखान्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली नेमलेल्या मंडळापुढे खानदेशातील जिनांची हकीकत आली. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, म्हणजे अठरा तास, बायका-पुरुष काम करीत आणि त्याची मजुरी तीन ते चार आणे होती. दार उघडताना आपण हजर असावे म्हणून रात्री घरी गेलेली माणसे पहाटे तीनलाच परत येत. ऐन घाईच्या दिवसांत तीच माणसे आठ आठ दिवस रात्रंदिवस राबत. ती अगदीच थकली म्हणजे त्यांच्या जागी नवी माणसे आणली जात. असल्या कामाने माणसे दगावत, हेही त्या साक्षीत नमूद आहे.

श्रोतेहो, या साक्षीतील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. अठरा तास काम असलेली बाई पहाटे तीनला का येऊन बसते? चारला दार उघडेल तेव्हा आपली जागा दुसरीने घेतली तर, या भीतीने. अंगातला थकवा आणि काम जाण्याची भीती या दोहोंत भीतीच बलवत्तर ठरते. आणि ज्या दुसऱ्या बाईची तिला भीती वाटते, ती परमुलखातलीच असेल असे नाही. तिच्याच गल्लीतली असू शकेल. दारासमोर जागेपेक्षा माणसे जास्त उभी असली म्हणजे शेजारीणसुद्धा परकी होते.

यावर कायदा काय करीत होता? येथे इतिहासाचा एक धागा आपण नीट धरला पाहिजे. पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच तो लागू होता, आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. म्हणजे जेथे सर्वांत जास्त तास काम होई, तेथेच कायद्याला प्रवेश नव्हता. १८९१ साली पन्नास माणसांपर्यंतचे कारखाने कायद्यात आले आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली; पण चार महिन्यांची पळवाट राहिली. १९११ च्या कायद्याने ती बुजविली. पुढे १९३४ साली पुन्हा दोन वर्ग केले गेले. बारमाही कारखान्यात दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न तास. हंगामी कारखान्यात दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तासांपुरता हा भेद काढून टाकला, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचा कायदा झाला तो हंगामी कारखाने सोडून, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना सरकी काढण्याचा आणि गाठी बांधण्याचा धंदा त्यात नाव घेऊन घातला गेला. १९५३ साली कामबंदीच्या काळात निम्मी मजुरी भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद झाली. तीतूनही हंगामी धंदे वगळले. १९७२ च्या उपदान कायद्याने बारमाही कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी देऊ केली, हंगामी कामगाराला हंगामाला सात दिवसांची. २०१९ व २०२० साली संसदेने जुने कामगार कायदे चार संहितांत एकत्र केले. नावे आणि कलमांचे अंक बदलले; सात दिवसांचा हिशेब आणि विम्यातून हंगामी कारखान्याची वगळणूक मात्र तशीच राहिली.

ही जंत्री कंटाळवाणी वाटली असेल तर आम्हांस क्षमा करावी. पण तिच्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. जवळजवळ दीडशे वर्षे आपण मजुराच्या कामाचे महिने मोजले आणि त्या मापाने त्याला संरक्षण दिले. त्याच्या पोटाचे महिने कोणी मोजले नाहीत. ते मात्र सर्वांचे बाराच असतात.

आता गिरण्यांकडे वळू. १८७० नंतरच्या दशकात जळगावी खानदेश मिल निघाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या निघाल्या. गिरणीचे काम बारमाही. भोंगा वाजतो, पगाराचा दिवस ठरलेला असतो. सालदाराच्या किंवा जिनातल्या मजुराच्या मानाने गिरणीतला माणूस भाग्यवान वाटे. तथापि गिरणीच्या दारातही दोन रांगा होत्या. एक कायमच्यांची, दुसरी बदलीवाल्यांची. कोणी आजारी पडला, कोणी लग्नाला गेला, तर त्या दिवसापुरती बदलीवाल्याला पाळी मिळे. रोज सकाळी दारात येऊन उभे राहायचे आणि नाव पुकारले गेले नाही तर घरी परत जायचे, ही त्याची नोकरी.

या बाबतीत मुंबईचा दाखला उपयोगी आहे. मुंबई तर जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांचीच. १९२१ च्या शिरगणतीत तेथील दर शंभर माणसांत ऐंशीहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती. गिरण्यांत कोकण आणि देश यांतली माणसे भरलेली. भरती जॉबरच्या हातात होती, आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे लावी. बदलीवाल्याला जॉबरची मर्जी राखावी लागे, कधी हातही ओले करावे लागत. १९३५ पासून तेथे बदलीची नोंद करून कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक लोकांना कार्ड मिळे आणि रोजच्या बदल्या त्यांतूनच भरल्या जात. माणूस कुठला हे न बघता त्याची नोंद झाली, एवढ्याने जॉबरचा पुष्कळसा जोर कमी झाला. ही युक्ती आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

त्याच मुंबईत १८९६ च्या शरदात प्लेग आला आणि माणसे गावोगाव पळाली तेव्हा उलटा प्रकार घडला. गिरणीमालक रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी चढाओढ करू लागले आणि महिन्याऐवजी रोजच्या रोज पैसे मोजू लागले. ज्यांना काल दारातून परत पाठवीत होते, त्यांचीच आज मनधरणी. मजुराचे कौशल्य एका रात्रीत वाढले नव्हते. दारासमोरची गर्दी तेवढी कमी झाली होती. गर्दी ओसरताच मजूर मोलाचा ठरला आणि माणसे परतताच पुन्हा पूर्ववत झाले.

जी कायमची नोकरी आपण कायमची समजत होतो, तिचेही पुढे काय झाले हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर तो धंदा पूर्वस्थितीवर आलाच नाही. खानदेशातील गिरण्याही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एकामागून एक थंडावल्या. जळगावच्या खानदेश मिलच्या जागी नंतर ‘खानदेश सेंट्रल’ नावाची बाजारपेठ उभी राहिली. गिरणी गेली ती परप्रांतीयांनी नेली असे कोणी म्हणत नाही. तरीही गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसाच्या मुलाला हमालीत, बांधकामात, दुकानात शेजारी उभा राहिलेला बाहेरचा मजूर डोळ्यांत खुपतो. गेलेल्या कामाचा धनी दिसत नाही. उरलेल्या कामातला वाटेकरी मात्र समोर दिसतो.

आता पुन्हा शेतीकडे आणि सालदाराकडे येऊ. सालदाराची पद्धत वाईटच होती असे आमचे म्हणणे नाही. वर्षाचे धान्य, थोडा पैसा, एखादा कपडा, अडीअडचणीला उचल. दोन्ही घरांची एकमेकांना ओळख. पण आजारात पडलेला खाडा वर्षाच्या पैशातून कापला जाई आणि उचल फिटली नाही की पुढची आखाजीही त्याच दारात. १९७१-७२ साली शहादे भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींची जी चळवळ उभी केली, तीत हातून गेलेल्या जमिनींबरोबर सालदारांच्या मोबदल्याचा प्रश्नही पुढे आला. लगेच १९७२ चा दुष्काळ पडला. जमीनवाला आणि बिनजमिनीचा दोघेही खडी फोडायला एका रांगेत बसले. त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली. तिच्यामागे वि. स. पागे यांची दृष्टी होती. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, असा त्याचा आशय. २००५ साली केंद्राने देशभरासाठी याच तत्त्वावर कायदा केला. या योजनेत उणिवा पुष्कळ निघाल्या. तरी तिचा एक परिणाम निश्चित झाला: जेथे काम वेळेवर मिळाले, तेथे सालदार आखाजीला दोन शब्द बोलू लागला.

येथपर्यंत आम्ही खानदेशात राहणाऱ्या माणसाविषयी बोललो. आता जो खानदेशातून बाहेर जातो त्याच्यामागे जाऊ, कारण आमच्या विषयाचे मर्म तेथे आहे.

१९५० नंतर दक्षिण गुजरातेत बारडोली आणि तिच्या आसपास सहकारी साखर कारखाने निघाले. ही बारडोली म्हणजे १९२८ च्या सत्याग्रहाची. तेथे ऊस तोडण्यासाठी माणसे कोठून आली? पुष्कळशी आपल्या धुळे-जळगाव जिल्ह्यांतून. दिवाळीच्या सुमारास मुकादम गावात येतो, उचल देतो, नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतो, टोळी गाडीत बसते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० नंतर दक्षिण गुजरातेतील मजुरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९७८ साली बारडोलीच्या ऊसतोडीवर सविस्तर लेख लिहिला. त्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखविली. ज्या गावांत आपले खानदेशी ऊस तोडीत होते, त्याच गावांत हळपती नावाचे तेथले भूमिहीन मजूर रिकामे बसत किंवा काम शोधीत दुसरीकडे जात. हळपती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेथल्या जमीनदारांच्या शेतात राबलेले लोक. मालकांना विचारले तर ते म्हणत, हळपती आळशी, बेभरवशाचा. खानदेशी मात्र कष्टाळू.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. हा जो ‘कष्टाळू खानदेशी’, तो आपल्या गावी कोण होता? ज्याला आपण म्हणत होतो की गावातला माणूस कामाला मिळत नाही, दहाला येतो आणि दोनला जातो, तोच तो. आणि तो ऊसतोडीला गेला असताना आपल्या शिवारात कापूस वेचायला कोण येते? सातपुड्यातले पावरा, सीमेपलीकडच्या खरगोन-बडवानीकडचे बारेला. त्यांच्याविषयी आपण काय म्हणतो? कष्टाळू. पण त्यांच्या गावचे मालक त्यांच्याविषयी काय बोलत असतील, याचा अंदाज आता कोणीही करू शकेल.

मग एकच माणूस घरी आळशी आणि दोनशे मैलांवर कष्टाळू, हे कसे घडते? स्वभाव तर गाडीत बसल्याने बदलत नाही. बदलते ती त्याची स्थिती. गावातल्या माणसाला घर असते, गुरे असतात, आजारी आई असते, मुलाची शाळा असते. सण असतो, मयत असते. तो चार वाजता घरी जातो कारण जाण्यास घर आहे. मजुरी पटली नाही तर नाही म्हणतो, कारण उद्या दुसऱ्या कोणाकडे जाता येईल किंवा निदान शेजाऱ्याकडून पायली मागता येईल. टोळीतल्या माणसाचे घर फडाच्या कडेला तीन काठ्यांवर असते. तो उचलीने बांधलेला असतो. रात्री दोनला गाडी भरायला उठवले तर उठतो, कारण परक्या गावात नकार देऊन जायचे कोठे? भाषा वेगळी, ओळख नाही, किराणा मुकादमाच्या चिठ्ठीवर. ज्याला आपण कष्टाळूपणा म्हणतो, त्यात कष्ट खरेच आहेत. पण नाही म्हणण्याची सोय नसणे हाही त्यातला मोठा भाग आहे. आणि ज्याला आपण गावातल्या माणसाचा आळस म्हणतो, त्यात नाही म्हणण्याची थोडीशी सोय उरलेली आहे.

तेव्हा मालकाची पसंती बाहेरच्याला असते ती तो बाहेरचा म्हणून नव्हे. ज्याला नकार देता येत नाही तो मजूर सर्वांनाच सोयीचा असतो. आमच्या मते या इतिहासाचे सार ते हेच.

आमच्यावर येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, “तुमचे तत्त्व खरे असेल, पण टोळी आली म्हणजे आमच्या बायकांची वेचणीची मजुरी किलोमागे पडते, हे तर खरे ना?” होय, पडू शकते. ही तक्रार खोटी ठरवून आम्ही जाणार नाही. ज्याचे पोट हातावर आहे त्याला बंधुभावाचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल. प्रश्न एवढाच की, उपाय कोणता?

एक उपाय असा सुचविला जातो की, बाहेरच्याला मज्जाव करावा किंवा जागा राखून ठेवाव्यात. हरियाणाने २०२० साली खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा राखणारा कायदा केला. तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. देशात कोठेही जाऊन राहण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, हा कायद्याचा भाग झाला. पण आम्ही खानदेशी माणसांनी दुसरा विचार करावा. सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत फिरावे. रस्त्यात अहिराणी कानावर पडते. यंत्रमागांवर, कापडबाजारात, रिक्षांवर आपलीच माणसे आहेत. मज्जावाची तलवार प्रत्येक प्रांताने उपसली तर सर्वांत आधी ती आपल्याच घरावर पडेल. पहूरला ज्याला आपण परका म्हणू, त्याच न्यायाने सुरतेत आपला भाऊ परका ठरेल.

दुसरा उपाय आपल्याच महाराष्ट्राने करून पाहिला आहे. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. हमालाचे काम बेभरवशाचे. आज या अडतीवर, उद्या त्या गोदामात. मालक एक नाही. त्यासाठी मंडळे नेमली गेली. हमालाची नोंद मंडळात, मालकाने मजुरी आणि वर ठराविक लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा द्यायची. मालक बदलला तरी हमालाचा हक्क बदलत नाही. मुंबईच्या बदली-कार्डात जो विचार अपुरा होता, तो येथे पुष्कळ पुढे गेला: सुरक्षितता जन्मगावाला किंवा एका मालकाला न बांधता कामाला बांधली. १९७९ साली केंद्राने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. त्यातही ठेकेदाराने आणलेल्या मजुराला स्थानिकाइतकीच मजुरी आणि वर विस्थापन भत्ता असे ठरविले होते. त्यातील शहाणपणा पाहा. बाहेरचा मजूर मालकाला स्वस्त पडणार नसेल, तर तो बाहेरचा म्हणून त्याला आणण्यात मालकाचा फायदा राहत नाही, आणि गावातल्या मजुराचा भावही आपोआप सांभाळला जातो. कायदा कागदावर फार राहिला, हे खरे. पण वाट चुकीची नव्हती.

शेवटी एक प्रसंग सांगून आम्ही आपली रजा घेतो. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीमुळे जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काम थांबले होते. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया भागातले मजूर घरी जाण्यासाठी निघाले. भुसावळहून मजुरांसाठी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. ते रुळांवरून चालत निघाले, थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. संभाजीनगरहून भुसावळला यायचा मोटारीचा रस्ता आपल्या पहूरवरून जातो. ती माणसे त्या रस्त्याने आली असती, तर कदाचित येथल्या नाक्यावर कोणी त्यांना पाणी दिले असते, आणि त्यांपैकी कोणालाही ‘तू आमचे काम घेतलेस’ असे म्हटले नसते.

जिनाच्या दारात पहाटे तीनला येऊन बसलेली खानदेशातली बाई आणि करमाडच्या रुळांवर झोपलेला शहडोलचा मजूर यांच्यामध्ये एकशे पस्तीस वर्षांचे अंतर आहे. ती येथली होती, तो बाहेरचा होता. दोघांचेही काम कोणी तरी दार लावले की संपत होते.

यंदाची आखाजी आता जवळ आली आहे. आपल्यापैकी जे शेतमालक आहेत, अडते आहेत, जिनवाले आहेत, त्यांना आमची एकच विनंती. सौदा ठरविताना तो कागदावर लिहावा; खाड्याचा आणि आजाराचा हिशेब आधी बोलावा; आणि गावातल्या वेचणारणीला जो भाव तोच टोळीतल्या वेचणारणीला द्यावा. जे मजूर आहेत त्यांनी टोळी आली म्हणजे भांडायला जाण्याआधी तिला काय भाव ठरला आहे हे विचारावे. तो भाव कमी असेल तर भांडण कोणाशी करायचे, हे त्याच क्षणी कळेल.